आयकराच्या भाषेत उत्पन्न म्हणजे काय? वस्तीतल्या तरुणांसाठी काही नोंदी

"रिटर्न भरले तर आईची लाडकी बहीण बंद होईल का?" वर्धा, हिंगणघाट, पुलगावच्या वस्त्यांत फिरताना आयकराविषयी सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. त्यामागोमाग दुसरा येतो: "आपल्याला टॅक्स माफ असतो ना?" आणि तिसरा, हळू आवाजात: "उत्पन्नाच्या दाखल्यावर दोन लाख चाळीस हजार आहे आणि खात्यात त्याहून जास्त आले, तर शिष्यवृत्ती जाईल का?"

तिन्ही प्रश्नांत 'उत्पन्न' आहे, पण तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे. हातात आलेला पैसा ही एक गोष्ट. आयकर कायदा ज्याला करपात्र उत्पन्न म्हणतो ती दुसरी. आणि तहसीलदार दाखल्यावर जो आकडा लिहितात तो तिसरा. या तिघांची सरमिसळ झाली की कापलेला पैसा सरकारकडेच पडून राहतो किंवा भीतीपोटी योजनेचा अर्जच केला जात नाही. म्हणून आधी ही गाठ सोडवू.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वात सोपे. अनुसूचित जातीच्या किंवा बौद्ध व्यक्तीला जातीच्या वा धर्माच्या आधारावर आयकरात कोणतीही माफी नाही. ही अफवा बहुधा १९६१ च्या कायद्यातील कलम १०(२६) मुळे पसरली असावी. ते कलम अनुसूचित जमातीच्या व्यक्तींसाठी आहे, तेही नागालँड, मिझोराम, मणिपूर, त्रिपुरा, अरुणाचल अशा ठरावीक प्रदेशात राहणाऱ्या आणि तिथेच कमावणाऱ्यांसाठी. आपल्या जिल्ह्यातल्या गोंड किंवा कोलाम बांधवांनाही ते लागू होत नाही, मग आपल्याला कुठून होणार?

आधी सीमा, मग कर

कायद्याची रीत अशी आहे. वर्षभरात आलेल्या पैशातून आधी 'हे उत्पन्नच नाही' असा भाग बाजूला काढायचा. मग 'उत्पन्न आहे, पण करमुक्त आहे' असा भाग वगळायचा. उरलेल्यातून वजावटी घ्यायच्या. जे राहते ते करपात्र उत्पन्न, आणि दर त्यावर लागतो.

कर्ज हे उत्पन्न नाही. बचत गटातून उचललेले पैसे, मुद्रा कर्ज, मित्राकडून घेतलेली उसनवारी यातले काहीच उत्पन्नात धरायचे नसते. फक्त ते कर्ज आहे हे दाखवता आले पाहिजे. वारसाहक्काने आलेले घर किंवा रक्कम करपात्र नाही. आई, वडील, भाऊ, बहीण अशा नात्यातल्यांनी दिलेल्या भेटीवर कर नाही, रक्कम कितीही असो. लग्नात आलेला आहेर कोणाकडूनही आला तरी करमुक्त. मात्र इतर वेळी मित्रांकडून किंवा परक्यांकडून वर्षात एकूण ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट आली, तर वरचा भाग नव्हे, संपूर्ण रक्कम करपात्र होते. हे फार कमी जणांना ठाऊक असते.

शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी मिळालेली शिष्यवृत्ती कलम १०(१६) नुसार पूर्ण करमुक्त आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती यांचा पैसा आयकराच्या हिशेबात येत नाही. पीएच.डी. करणाऱ्यांनी आपल्या अधिछात्रवृत्तीचे पत्र नीट वाचावे. रक्कम शिक्षण-संशोधनासाठी असेल तर ती याच कलमात बसते, पण कामाचा मोबदला म्हणून मिळणारे मानधन पगारासारखे करपात्र धरले जाते. नाव 'स्टायपेंड' आहे की 'फेलोशिप', यावर ते ठरत नाही.

आता दर. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, आणि पुढे चढत २४ लाखांच्या वर ३० टक्के. एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कलम ८७अ ची सूट सगळा कर शून्य करते. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्याच्यासाठी ही रेषा पावणेतेरा लाखांवर जाते. वस्तीतल्या बहुतेक कमावत्या तरुणांचा कर त्यामुळे शून्यच येतो. पण लॉटरी, क्रिप्टो यांच्या कमाईवर थेट ३० टक्के दर आहे आणि तिथे ही सूट उपयोगी पडत नाही. शेअर विकून झालेल्या नफ्यावर ज्या विशेष दराने कर लागतो, त्यालाही नव्या प्रणालीत ही सूट मिळत नाही.

शेती करमुक्त आहे, शेतमजुरी नाही

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला आयकर कायद्यात सर्वात रस वाटावा अशी जागा कलम १०(१) ही आहे. शेतीचे उत्पन्न केंद्रीय आयकरातून वगळलेले आहे. १८६० साली पहिला आयकर आला तेव्हा शेतीवरही कर होता. १८८६ च्या कायद्याने तो काढला आणि पुढे तसेच राहिले. आपल्या राज्यघटनेनेही शेती उत्पन्नावरील कर हा विषय सातव्या परिशिष्टातल्या राज्यसूचीत ठेवला.

या सवलतीचा लाभ कोणाला मिळतो? जमिनीतून ज्याला उत्पन्न येते त्याला. कापूस, सोयाबीन, तूर विकून आलेला पैसा शेती उत्पन्न. जमीन मक्त्याने दिली तर मक्त्याची रक्कमही शेती उत्पन्न. पण त्याच वावरात निंदण आणि वेचणी करणाऱ्या बाईची मजुरी कायद्याच्या व्याख्येत शेती उत्पन्न नाही, कारण ती जमिनीतून नव्हे, श्रमातून आलेली आहे. तिची मजुरी करमर्यादेच्या जवळपासही पोचत नाही, म्हणून व्यवहारात तिला झळ बसत नाही. तरी पन्नास एकरवाल्याचे उत्पन्न व्याख्येनेच करमुक्त आणि मजुराची मजुरी व्याख्येने करपात्र, हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. भूमिहीन समाजाच्या बाजूने पाहिले तर 'शेतकऱ्याला करमाफी' या शब्दांचा अर्थ 'जमिनीला करमाफी' असा निघतो.

बटईने किंवा ठेक्याने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांसाठी मात्र एक चांगली गोष्ट आहे. सातबारावर नाव असण्याची अट नाही. जो प्रत्यक्ष पीक काढतो त्याचे पिकाचे उत्पन्न शेती उत्पन्नच ठरते. फक्त बटईचा कागद, कृषी उत्पन्न बाजार समितीची किंवा जिनिंगची काटापट्टी जपून ठेवावी. दूध, कोंबडी, शेळीपालन हे शेती उत्पन्नात बसत नाही. आणि नोकरी असून घरी शेतीही असेल, नोकरीचे उत्पन्न करमर्यादेच्या वर आणि शेतीचे ५,००० च्या वर असेल, तर शेतीचा आकडा रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. त्यावर कर लागत नाही, पण उरलेल्या उत्पन्नाचा दर ठरवताना तो मोजला जातो.

जमीन विकताना गोंधळ जास्त होतो. ग्रामीण भागातली शेतजमीन विकून आलेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. पण 'ग्रामीण' कोणती, हे ग्रामपंचायतीच्या पाटीवरून ठरत नाही. नगरपालिकेची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर हद्दीपासून २ किलोमीटर, १ लाख ते १० लाख असेल तर ६ किलोमीटर, त्यावर ८ किलोमीटरपर्यंतची जमीन कायद्याने शहरी धरली जाते, आणि अंतर रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत मोजतात. २०११ च्या जनगणनेत वर्धा आणि हिंगणघाट ही दोन्ही शहरे एक लाखाच्या थोडी वर आहेत, म्हणून त्यांना ६ किलोमीटरचा नियम लागतो. आर्वी, पुलगाव, देवळीसाठी २ किलोमीटर. सावंगी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे इथे ग्रामपंचायत असली तरी तिथले वावर शहरीच धरले जाईल. अशा विक्रीवर दीर्घ मुदतीच्या नफ्याला १२.५ टक्के दर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीसाठी महागाई निर्देशांक धरून २० टक्क्यांचा पर्यायही तपासता येतो. दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर कलम ५४ब ची सवलत मिळू शकते.

सरकारने २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन घेतली असेल, तर कलम ९६ नुसार त्या निवाड्याच्या रकमेवर आयकर नाही, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ मध्ये परिपत्रक काढून तसे स्पष्ट केले आहे. एखाद्या कंपनीने थेट बोलणी करून विकत घेतलेल्या जमिनीला मात्र ही माफी गृहीत धरू नये.

कापलेला पैसा परत मागा

आपल्या शिकलेल्या मुलामुलींचे खरे नुकसान होते ते इथे. कंत्राटी पदांवर, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे मानधन अनेकदा 'व्यावसायिक शुल्क' म्हणून दिले जाते आणि त्यातून १० टक्के टीडीएस कापला जातो. समजा वर्षाला ३,६०,००० रुपये मानधन आहे आणि ३६,००० कापले. नव्या प्रणालीत या उत्पन्नावर कर शून्य. म्हणजे सगळे ३६,००० परत मिळायला हवेत. पण ते आपोआप येत नाहीत, त्यासाठी रिटर्न भरावेच लागते. शिवाय वर्षात २५,००० किंवा त्याहून जास्त टीडीएस कापला गेला असेल तर रिटर्न भरणे बंधनकारकच आहे.

पोर्टलवर पॅनने लॉगिन करून २६एएस आणि वार्षिक माहिती पत्रक पाहावे. किती कापले, कोणी कापले, सगळे तिथे दिसते. पगारदारासाठी साधारण मुदत ३१ जुलै. उशिराचे रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. कर शून्य असला तरी एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर रिटर्न भरणे आवश्यक आहे. नवा पगार सुरू झालेली पोरे '१२ लाखांपर्यंत माफ आहे' एवढेच ऐकून गप्प बसतात आणि नंतर दंडाची सूचना येते.

आता लाडकी बहीण. योजनेच्या अपात्रतेच्या यादीत 'आयकरदाता' कुटुंब आहे, आणि वेगळी अट म्हणून अडीच लाखांची कुटुंब उत्पन्न मर्यादा आहे. रिटर्न भरणारा आणि कर भरणारा हे दोन वेगळे. ज्याचा कर शून्य निघाला आणि कापलेला पैसा परत मिळाला, त्याने कर भरलेला नाही. पीएम किसानची अटही मागील करनिर्धारण वर्षात आयकर भरलेल्यांना वगळते. कुटुंबाचे उत्पन्न खरोखर अडीच लाखांच्या वर असेल तर अडचण उत्पन्नमर्यादेची आहे. रिटर्न लपवून ती सुटत नाही, कारण टीडीएसची नोंद पॅनवर आधीच झालेली असते.

तहसीलदारांचा आकडा

उत्पन्नाचा दाखला हा आयकराचा कागद नाही. तिथे शेतीचे उत्पन्नही मोजतात, मजुरीही, नोकरीही. आयकरात शून्य असलेला शेतकरी दाखल्यावर शून्य नसतो, आणि नसावाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख आहे. ती ओलांडली तर सगळे संपले असे समजून अनेक जण महाडीबीटीवर अर्जच करत नाहीत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी उत्पन्न जास्त असले तरी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क प्रतिपूर्तीची, म्हणजे फ्रीशिपची, वेगळी योजना आहे. निर्वाह भत्ता मिळत नाही, पण फी वाचते. खोटा कमी दाखला काढण्यापेक्षा हा मार्ग सरळ आहे. आणि अनुसूचित जातीच्या आरक्षणासाठी नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागत नाही, हेही पुन्हा सांगायला हवे. सेतू केंद्राबाहेर त्यासाठी पैसे घेणारे भेटतात.

विहार समितीचे खाते

शेवटचा मुद्दा कार्यकर्त्यांसाठी. १४ एप्रिलची वर्गणी, दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाडीचे पैसे, विहाराच्या स्लॅबसाठीचे दान हे सगळे कोणा एका कार्यकर्त्याच्या मोबाइलवर येते. खाते त्याच्या नावाचे, पॅन त्याचा. उद्या आयकर विभागाने विचारले तर तो पैसा त्याचा नव्हता, हे त्यालाच सिद्ध करावे लागेल. समितीचे स्वतंत्र खाते, स्वतंत्र पॅन आणि पावतीपुस्तक हवेच.

धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली म्हणजे आयकर माफ झाला, हा समज चुकीचा आहे. करमुक्तीसाठी कलम १२अब खाली वेगळी नोंदणी करावी लागते आणि उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्देशासाठी वापरावी लागते. धर्मादाय संस्था एका विशिष्ट धार्मिक समुदायासाठी किंवा जातीसाठी असेल तर कलम १३ ही सवलत नाकारते. पण त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते की अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुले यांच्यासाठीची संस्था तशी समजली जाणार नाही. वस्तीत अभ्यासिका किंवा वसतिगृह चालवणाऱ्यांनी घटनापत्रात उद्देश लिहितानाच हे शब्द नीट घालून घ्यावेत. केवळ पूजास्थान म्हणून चालणाऱ्या विहाराला ८०जी मिळणे कठीण. अभ्यासिका, आरोग्य, शिक्षण हे काम वेगळ्या न्यासातून केले तर ते शक्य होते. आणि ८०जी असले तरी दात्याला वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते, रोख दान २,००० च्या वर असेल तर तिथेही नाही.

वर दिलेले कलम क्रमांक १९६१ च्या कायद्याचे आहेत. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो; त्यात कलम १० मधल्या सवलती मुख्यतः परिशिष्टांत गेल्या आहेत आणि 'मागील वर्ष' व 'करनिर्धारण वर्ष' यांच्या जागी एकच 'कर वर्ष' आले आहे. २०२५-२६ च्या कमाईचे रिटर्न मात्र जुन्याच कायद्याप्रमाणे भरायचे आहे.