व्हेंचर कॅपिटलमध्ये करिअर : आपल्या तरुणांनी प्रवेश कसा करावा?

१९१७ साली लंडनहून परतल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत शेअर व्यवहारांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक फिरकेनासे झाले आणि व्यवसाय बंद पडला. ‘भांडवलाचे क्षेत्र आपले नाही’ असे म्हणणाऱ्या तरुणांना आम्ही हा प्रसंग आवर्जून सांगतो. वस्त्यांमध्ये काम करताना एमपीएससी, बँक भरती, पोलीस भरती यांबद्दल आम्हाला रोज विचारणा होते. व्हेंचर कॅपिटलबद्दल क्वचितच कोणी विचारते. म्हणून ही प्राथमिक माहिती.

व्हेंचर कॅपिटल म्हणजे काय?

बँक कर्ज देताना बहुधा तारण मागते. नव्या कंपनीकडे तारण नसते, अनेकदा नफाही नसतो. व्हेंचर कॅपिटल फंड अशा कंपनीत पैसे गुंतवतो आणि बदल्यात मालकीचा हिस्सा घेतो. अनेक कंपन्या बुडतात, पण एखादी मोठी झाली की सर्वांची भरपाई होते. नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एज कंपनीने २०१० मध्ये झोमॅटोत सुमारे ४.७ कोटी रुपये गुंतवले व पुढेही भर घातली. २०२१ मध्ये झोमॅटो शेअर बाजारात आली तेव्हा तिचा हिस्सा हजारो कोटींचा झाला होता.

फंडातला बहुतेक पैसा इतरांचा असतो : श्रीमंत कुटुंबे, मोठ्या वित्तसंस्था, सिडबीसारख्या सरकारी संस्था. भारतात हे फंड सेबीच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांखाली नोंदले जातात. फंड चालवणाऱ्यांना साधारण २ टक्के वार्षिक शुल्क आणि नफ्यात सुमारे २० टक्के वाटा मिळतो.

काम कोणते असते?

सुरुवात अ‍ॅनालिस्ट किंवा असोसिएट पदापासून होते. चांगल्या कंपन्या शोधणे, संस्थापकांना भेटणे, हिशेब आणि बाजारपेठ तपासणे, गुंतवणुकीबाबत टिपण लिहिणे ही त्यांची कामे. अंतिम निर्णय पार्टनर घेतात.

प्रवेशाचे मार्ग

या क्षेत्रात जागा थोड्या असतात आणि अनेक ओळखीतूनच भरल्या जातात. आपल्या पहिल्या पिढीतील पदवीधरांची खरी अडचण इथेच आहे. त्यावर काही वाटा :

१. आधी स्टार्टअपमध्ये विक्री, उत्पादन किंवा हिशेबाचे काम करावे. कंपनी आतून कशी चालते हे कळलेला माणूस फंडांना हवा असतो.

२. सीए, गुंतवणूक बँक किंवा सल्लागार कंपनीतील अनुभवातूनही प्रवेश मिळतो. प्रतिष्ठित संस्थेतील एमबीए उपयोगी पडते, पण ते सक्तीचे नाही. केवळ त्यासाठी मोठे शैक्षणिक कर्ज घेण्याआधी घरची परिस्थिती पाहावी.

३. विद्यापीठे व आयआयटींमधील इन्क्युबेशन केंद्रांत काम मिळवावे. तिथे संस्थापक आणि गुंतवणूकदार दोघांशी ओळख होते.

४. सामाजिक कामाचा अनुभव असणाऱ्यांनी शेती, आरोग्य, ग्रामीण उपजीविका यांत गुंतवणूक करणाऱ्या, मुंबईच्या ‘आविष्कार’सारख्या संस्था पाहाव्यात. गावपातळीची समज तिथे उपयोगी येते.

५. ओळख नसेल तर काम दाखवावे. शेअर बाजारात येणाऱ्या कंपन्यांचे माहितीपत्रक सेबीच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. दर महिन्याला एका कंपनीवर दोन पानांचे टिपण लिहावे : कंपनी कमावते कशी, धोका कुठे, आपण पैसे घातले असते का? वर्षभरात अशी बारा टिपणे झाली की अर्जासोबत पाठवायला काहीतरी ठोस हाती असते.

आपल्याला याचे महत्त्व काय?

अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी केंद्र सरकारचा व्हेंचर कॅपिटल फंड २०१५ पासून सुरू आहे. त्याखालील आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन २०२० मध्ये सुरू झाले आणि त्यात निवडलेल्या तरुणांना तीन वर्षांत ३० लाख रुपयांपर्यंत भांडवलाची तरतूद करण्यात आली. उद्योग काढणाऱ्यांनी या योजनांची माहिती जरूर घ्यावी. पण देशातील बहुतांश खासगी फंडांत पैसा कोणाला द्यायचा हे मोजकी माणसे ठरवतात, आणि माणूस सहसा आपल्यासारख्यावरच आधी विश्वास टाकतो. अर्जदार म्हणून टेबलापलीकडे बसणारे तरुण आपल्याकडे तयार होत आहेत. टेबलाच्या अलीकडे बसून अर्ज तपासणारेही आपल्यातून तयार व्हायला हवेत. पहिले टिपण या महिन्यातच लिहायला घ्या.