"सीटी किती आला?" : एका आकड्याचा इतिहास

पोस्ट थोडी मोठी आहे, सवडीने वाचा.

एप्रिल २०२१ आठवतोय? कुणी पॉझिटिव्ह आलं की पहिला प्रश्न "ताप आहे का?" हा नसायचा, "सीटी किती आला?" हा असायचा. सोळा म्हटलं की समोरचा गप्प. तीस म्हटलं की "मग काही नाही, घरीच बरा होशील." त्या एका आकड्यावर घराघरांत धीर सुटत होता, नाहीतर नको तितका धीर येत होता. म्हणून हा आकडा काय सांगतो आणि काय नाही, ते एकदा मांडावं असं वाटलं.

आरटीपीसीआरमध्ये विषाणूच्या जनुकीय अंशाच्या प्रती दर फेरीला साधारण दुप्पट होतात. कितव्या फेरीला विषाणू 'दिसला', ती सीटी व्हॅल्यू. आकडा लहान, तर विषाणू जास्त. दहाचा फरक म्हणजे जवळपास हजारपट. पण स्वॅब नीट घेतला का, आजाराच्या कितव्या दिवशी घेतला, यावरही हा आकडा हलतो.

विषाणूचं प्रमाण आणि आजाराची तीव्रता यांचा संबंध २००३ च्या सार्स साथीतही तपासला गेला. हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स या एकाच निवासी संकुलात तीनशेहून जास्त लोकांना लागण झाली. त्यातल्या ७५ रुग्णांवर मलिक पिरिस आणि सहकाऱ्यांनी तीन आठवडे लक्ष ठेवलं. घशातला विषाणू दहाव्या दिवसाच्या आसपास सर्वात जास्त होता, पंधराव्या दिवसापर्यंत उतरला. पण विषाणू उतरत असतानाही अनेकांची फुफ्फुसं बिघडतच होती! त्यांचा निष्कर्ष असा की हे नुकसान एकट्या विषाणूचं नसावं, त्याच्याशी लढताना शरीराची प्रतिकारशक्तीही स्वतःचं घर जाळत असावी.

सार्समध्ये विषाणू उशिरा वाढायचा, म्हणजे माणूस आधी आजारी पडायचा आणि मग जास्त पसरवायचा. त्यामुळे आजारी माणसाला वेगळं ठेवलं की साखळी तुटायची. सुमारे ८ हजार रुग्ण आणि ७७४ मृत्यूंनंतर, ५ जुलै २००३ ला जागतिक आरोग्य संघटनेने साथ आटोक्यात आल्याचं जाहीर केलं.

कोविडने हे गणित उलटं केलं. इटलीत व्हो नावाचं जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या एका रहिवाशाचा मृत्यू झाला आणि अख्खं गाव बंद करून बहुतेक सगळ्यांची तपासणी केली गेली. बाधितांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोकांना काहीच लक्षणं नव्हती. आणि त्यांच्या नाकातला विषाणू लक्षणं असलेल्यांपेक्षा कमी होता असंही नाही. एवढा विषाणू घेऊन माणूस ठणठणीत फिरत होता. विमानतळावर कपाळाला लावलेली तापाची बंदूक त्याला कशी पकडणार?

मग आकडा निरर्थक का? तसंही नाही. २०२० मध्येच न्यूयॉर्कमध्ये दाखल झालेल्या ६७८ रुग्णांचा अभ्यास झाला. सीटी २५ च्या खाली असलेल्यांपैकी ३५ टक्के दगावले, ३० च्या वर असलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के. फरक मोठा आहे. पण हे सगळे आधीच दवाखान्यात दाखल करावे लागलेले लोक होते. आणि त्या पहिल्या गटातलेही ६५ टक्के वाचले, हेही विसरू नका. शंभर जणांच्या गर्दीबद्दल आकडा खूप सांगतो, तुमच्या काकांबद्दल फार थोडं.

दुसरा धडा जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने दिला. डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुनं स्टेरॉइड. ते विषाणूला मारत नाही, शरीराचा भडका शांत करतं. त्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. पण ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना फायदा दिसला नाही. हाँगकाँगच्या निष्कर्षाला सतरा वर्षांनी मिळालेला हा दुजोराच. सुरुवातीचे दिवस विषाणूचे, नंतरचे दिवस बहुतांशी भडक्याचे.

आणि आपण काय केलं? विषाणू ओसरलेल्या रुग्णासाठी रेमडेसिविर शोधत जिल्हाभर फिरलो, काळ्या बाजारात पैसे मोजले. अनेक ठिकाणी ऑक्सिजन ९७ असतानाच स्टेरॉइड सुरू झालं. पुढे म्युकरमायकोसिस आला, त्यामागे मधुमेहाबरोबर स्टेरॉइडचा अतिवापर हेही मोठं कारण होतं. सीटीच्या आकड्यावरून उपचार ठरवू नका, असं आयसीएमआरने २०२० मध्येच सांगितलं होतं. ते ऐकलं किती जणांनी?

मी डॉक्टर नाही, औषध कुणी सुचवू नये आणि मीही सुचवत नाही. पण इतिहास वाचून एवढं म्हणेन: पुढची साथ येईल तेव्हा रिपोर्टवरचा आकडा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी तीन गोष्टी लिहा. आजाराचा कितवा दिवस, ऑक्सिजन किती, आणि वय-मधुमेह-बीपी काय. डॉक्टरला याच गोष्टी लागतात. नाकात विषाणू किती, हे शेजाऱ्याला किती धोका आहे याचा अंदाज देतं. तुम्हाला किती, ते तुमचं शरीर पुढच्या आठवड्यात सांगतं.