ग्लास धुण्याचा व्हिसा

इंजिनिअर होऊन ऑस्ट्रेलियात पबमधले ग्लास धुवायचेत म्हटल्यावर घरी काय झालं, ते विचारू नका! पण या कामालाही इतिहास आहे. वर्किंग हॉलिडेची योजना त्यांनी १९७५ मध्ये ब्रिटन-कॅनडाच्या तरुणांसाठी काढली. १९८० मध्ये जपान आला. फिरा, आणि खर्चापुरतं कमवा. म्हणून एका मालकाकडे साधारण सहाच महिने. पब-हॉटेलांना असे हंगामी हात हवेच असतात. कॅज्युअल कामाला पगारी रजा नाही, त्याबदली तासाला २५ टक्के जास्त. (दारू वाढायला आरएसएचा छोटा कोर्स लागतो.) आपला नंबर लागला थेट २०२४ मध्ये. वर्षाला जागा १०००, त्याही सोडतीने. वय १८ ते ३०. मला २९ पूर्ण झालीत. म्हणजे फार तर दोन सोडती...