सिंधुदुर्गच्या स्वामित्वाचा वाद (१७६५–१८१२)

मालवणच्या किनाऱ्यासमोरील कुरटे बेट आणि त्यावरील सिंधुदुर्ग किल्ला यांच्या ताब्यावरून कोल्हापूरचे छत्रपती व ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबई सरकार यांच्यात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उद्भवलेला वाद ‘सिंधुदुर्गच्या स्वामित्वाचा वाद’ म्हणून ओळखता येतो. कंपनीने १७६५ मध्ये हे बेट जिंकले, पुढच्याच वर्षी पैसे घेऊन ते परत केले आणि १ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने कायमचे आपल्याकडे घेतले. मधल्या काळात १७९२ मध्येही एक तह झाला. पुण्याचे पेशवे आणि वाडीचे सावंत यांचा या प्रकरणाशी निकटचा संबंध आला. तत्कालीन इंग्रजी कागदपत्रांत किल्ल्याचा उल्लेख बहुधा ‘मालवण’ असाच येतो, त्यामुळे मूळ साधने वाचताना गाव कोणते व बेट कोणते याचा उलगडा संदर्भावरून करावा लागतो.

पार्श्वभूमी

छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर किल्ल्याची पायाभरणी केली. सुमारे ४८ एकरांच्या या बेटाला जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा तट आहे. त्याच्या आसपास पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट ही लहान ठाणी उभी राहिली. त्यामुळे मालवणचे बंदर म्हणजे एक किल्ला नसून चार ठाण्यांचा समूह होता. पुढील तहांत या चारही ठाण्यांचा विचार एकत्र झालेला दिसतो.

सातारा व कोल्हापूर या दोन गाद्यांमधील वाटणी १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने निश्चित झाली. वारणा आणि कृष्णा या नद्यांच्या दक्षिणेकडील मुलूख, तसेच कोकणात साळशीपासून अंकोल्यापर्यंतचा पट्टा कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजींकडे आला. मालवण याच पट्ट्यात असल्याने सिंधुदुर्गावरील कोल्हापूरच्या हक्काचा लेखी आधार हा तहच होय. डोंगरी मुलखाच्या या राज्याला समुद्राचे खरे दार मालवणचेच होते. घाटावरील माल तेथे उतरे आणि आरमारही तेथेच राही.

कोल्हापूरच्या आरमाराने आपल्या पाण्यातून जाणाऱ्या गलबतांकडे दस्तकाची मागणी करण्याची प्रथा पुढे चालू ठेवली होती. दस्तक म्हणजे समुद्रप्रवासाचा परवाना. ज्याच्याकडे तो नसेल त्याचे गलबत अडवले जाई. पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ या नावाने हीच पद्धत सोळाव्या शतकापासून चालवली होती आणि पुढे कंपनीही आपले परवाने देत असे. मात्र मुंबई सरकारच्या पत्रव्यवहारात कोल्हापूरच्या या वसुलीला सरसकट चाचेगिरी म्हटले आहे. या शब्दाबाबत वाचकाने सावध असावे. मालवणच्या गलबतांनी निव्वळ लूट केल्याचे प्रसंगही घडले, परंतु परवाना मागणे आणि लूट करणे या दोन गोष्टी इंग्रजी लिखाणात वेगळ्या ठेवलेल्या नाहीत. समुद्रावर सत्ता कोणाची हा प्रश्न तेथे चोरीच्या खटल्यासारखा मांडला गेला.

१७६५ ची मोहीम

फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांचे विजयदुर्ग घेतले. त्यानंतर किनाऱ्यावर कंपनीला अडवू शकेल असे मराठी आरमार दक्षिण कोकणात मुख्यतः कोल्हापूरचेच उरले होते. कोल्हापूरचा दरबारही त्या वेळी अडचणीत होता. दुसरे संभाजी डिसेंबर १७६० मध्ये निपुत्रिक वारले. गादी खालसा करून राज्य साताऱ्याशी जोडावे असा पुण्याचा विचार होता. संभाजींच्या पत्नी जिजाबाई (शिवाजी महाराजांच्या मातोश्री जिजाबाई त्या या नव्हेत) यांनी तो यशस्वी होऊ दिला नाही. १७६२ मध्ये खानवटच्या भोसले घराण्यातील मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव शिवाजी ठेवण्यात आले. या अल्पवयीन राजाच्या नावाने पन्हाळ्यावरून जिजाबाई कारभार पाहू लागल्या.

१७६५ मध्ये मेजर गॉर्डन आणि मुंबईच्या आरमाराचे कॅप्टन जॉन वॉटसन यांच्या नेतृत्वाखाली मोहीम निघाली व सिंधुदुर्ग इंग्रजांच्या हाती पडला. वाडीकर सावंतांचे रेडीचे यशवंतगड हे ठाणेही त्याच मोहिमेत घेतले गेले. सिंधुदुर्ग आपल्याकडेच ठेवण्याच्या उद्देशाने इंग्रजांनी त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. जिंकलेल्या जागेचे नाव बदलणे ही हक्क सांगण्याची पहिली पायरी असते, आणि बाणकोटला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ म्हणण्याचा पायंडा कंपनीने आधीच पाडला होता. हे नवे नाव टिकले नाही.

१७६६ चा तह

बेट राखणे खर्चाचे होते आणि त्यातून उत्पन्न नव्हते. किल्ला पाडून टाकण्याचाही विचार झाला, परंतु तट इतका भक्कम की ते काम परवडण्यासारखे नव्हते. शेवटी मुंबई सरकारने जानेवारी १७६६ मध्ये जिजाबाईंशी तह केला. व्यापारी जहाजांना उपद्रव न देण्याचे आश्वासन, पुढील वर्तनाची हमी आणि लाखांच्या घरातील रक्कम यांच्या बदल्यात किल्ला कोल्हापूरकडे परत आला. रेडीचे ठाणेही रकमेच्या करारावर सावंतांना परत देण्यात आले.

या तहाचे महत्त्व रकमेत नाही. ज्यांना चाचे म्हटले त्यांच्याशीच कंपनी रीतसर तहास बसली. तह राज्याशी होतो, चोरट्यांशी होत नाही. म्हणजे सिंधुदुर्गावरील कोल्हापूरचा हक्क मुंबई सरकारने व्यवहारात मान्य केला होता. मात्र किल्ला परत देताना पैसे घेतल्यामुळे हा हक्क विकत घेण्याजोगा आहे असाही अर्थ त्यातून निघत होता.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला एका बेटाचा वाद उभा राहिला होता. १७६५ च्या जानेवारीत जॉन बायरन यांनी दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांवर ब्रिटनच्या राजाचा हक्क जाहीर केला. १७७० मध्ये स्पेनने तेथील इंग्रजी ठाणे उठवले. युद्ध टाळण्यासाठी १७७१ मध्ये ते ठाणे परत देण्यात आले, पण स्वामित्वाचा आपला दावा स्पेनने स्पष्ट शब्दांत राखून ठेवला. लंडन आणि माद्रिद यांच्यातील बोलणी दोन राजदरबारांची होती. पन्हाळ्याच्या राणीला मात्र मुंबईच्या व्यापारी कौन्सिलशी बोलावे लागले, आणि त्या कौन्सिलच्या मागे स्वतःची फौज व आरमार होते.

१७६६ ते १८१२

या ४६ वर्षांत कोल्हापूरची शक्ती शेजाऱ्यांशी लढण्यात खर्ची पडली. वाडीच्या खेम सावंतांचा विवाह १७६३ मध्ये जयाप्पा शिंदे यांच्या कन्येशी झाला होता. या संबंधामुळे दिल्लीच्या बादशहाकडून सावंतांना ‘राजेबहादूर’ हा किताब मिळाला. मांडलिकाने राजचिन्हे मिरवावीत हे कोल्हापूरला रुचले नाही आणि दोन्ही राज्यांत दीर्घ काळ लढाया चालल्या. येथेही मूळ प्रश्न स्वामित्वाचाच होता. कोल्हापूर जो हक्क कंपनीविरुद्ध सांगत होते तोच सावंतांवर गाजवू पाहत होते.

समुद्रावरच्या तक्रारी थांबल्या नाहीत. १७९२ मध्ये मुंबई सरकारने पुन्हा मोहिमेची तयारी केली. तेव्हा १७८५ पासूनच्या नुकसानीची भरपाई देण्याचे आणि मालवण व कोल्हापूर येथे इंग्रजांना वखारी घालू देण्याचे कोल्हापूरने मान्य केले. किल्ला या वेळी हातचा गेला नाही.

१८१२ चा तह

निपाणीचे सिधोजीराव नाईक-निंबाळकर यांच्याशी १८०८ मध्ये सावगाव येथे झालेल्या लढाईत कोल्हापूरचा पराभव झाला आणि चिकोडी व मनोळी हे तालुके हातचे गेले. निपाणीकर पेशव्यांच्या बाजूचे. कोल्हापूर आपल्या अधीन असल्याचे दुसरे बाजीराव पेशवे सांगत होते, आणि १८०२ च्या वसईच्या तहामुळे पेशव्यांचे इतरांशी असलेले तंटे कंपनीच्या मध्यस्थीखाली आले होते. पुण्यातील रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी ही संधी साधली.

१ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने कोल्हापूरने चिकोडी व मनोळीवरील हक्क सोडला. मालवण बंदर, म्हणजे सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट व सर्जेकोट, कंपनीला कायमच्या स्वामित्वाने दिले. सशस्त्र गलबते न बाळगण्याचे आणि कंपनीच्या संमतीवाचून परराज्याशी युद्ध न करण्याचेही कबूल केले. मोबदल्यात कंपनीने उरलेल्या मुलखाच्या संरक्षणाची हमी दिली. ही हमी पेशव्यांविरुद्धही लागू पडत होती, आणि कोल्हापूरला त्या क्षणी हवी होती ती हीच. दोन तालुके आणि एक बंदर गमावून गादी वाचवली, असा या व्यवहाराचा हिशेब मांडता येतो. तहानंतर काही महिन्यांतच, १८१३ मध्ये, शिवाजी महाराज (कोल्हापूर) यांचे निधन झाले. दत्तकविधानापासून त्यांच्या कारकिर्दीचा जवळजवळ सारा काळ या वादाने व्यापलेला होता.

१७६६ चा तह एका कृतीची किंमत ठरवणारा होता. १८१२ च्या तहात स्वतंत्रपणे युद्ध करण्याचा आणि आरमार बाळगण्याचा अधिकारच गेला. केवळ बेट गेले असते तर ते पुन्हा मागता आले असते.

परिणाम

१८१७–१८ च्या युद्धात कोल्हापूरने इंग्रजांची बाजू घेतली. त्याबद्दल चिकोडी व मनोळी परत मिळाले आणि त्याच शतकाच्या तिसऱ्या दशकात पुन्हा काढून घेण्यात आले. मालवण परत देण्याचा विषय मात्र निघाला नाही. पुढे मालवण रत्नागिरी जिल्ह्याचा तालुका झाला, तर कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले.

राजाराम महाराजांच्या काळापासून सिंधुदुर्गावर असलेल्या शिवराजेश्वर मंदिरातील पूजाअर्चा सत्तांतरानंतरही चालू राहिली. १ मे १९८१ रोजी निर्माण झालेल्या जिल्ह्याला या किल्ल्याचेच नाव देण्यात आले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाखाली बारा किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांत सिंधुदुर्गाबरोबर जिजाबाईंचा पन्हाळाही आहे.