बाळंतिणीचे हृदय

आपल्या हिंगोलीकडे बाळंतिणीला धाप लागली, पाय सुजले, तर घरातली जाणती बाई म्हणते, "अशक्तपणा आहे, सव्वा महिन्यात भरून निघेल." पुष्कळदा तिचे बरोबरही ठरते. पण एखादी बाळंतीण उताणी निजूच शकत नाही, रात्री गुदमरून उठून बसते. तेव्हा दोष हृदयाचा असू शकतो. त्याचा स्नायू दुबळा होतो, ते फुगते, आणि रक्त पुढे ढकलणे त्याला झेपत नाही.

डॉक्टर हा विकार एकोणिसाव्या शतकापासून पाहत आले. त्याची नीट आखणी झाली ती 1971 साली, शिकागोत. ती करणाऱ्या दोघांपैकी डॉ. शाहबुद्दीन रहिमतुला हे मुंबईत जन्मलेले. गरोदरपणाचा शेवटचा महिना आणि बाळंतपणानंतरचे पाच महिने, एवढा काळ त्यांनी धरला. म्हणजे सव्वा महिना संपून बाई पाण्याला, शेताला जाऊ लागली, तरी धोका उरतोच! त्यांनी पाहिलेल्या 27 बायकांपैकी 14 जणींचे हृदय सहा महिन्यांत पूर्ववत झाले. उरलेल्या 13 जणींचे मोठेच राहिले, आणि त्यांतल्या बहुतेक पुढे दगावल्या.

मग त्यांना दुसरे हृदय बसवायचे नाही का? तो प्रयोग तेव्हा नवा होता. 3 डिसेंबर 1967 रोजी केपटाऊनला डॉ. बर्नार्ड यांनी पहिले माणसाचे हृदय माणसाला बसवले. रोगी 18 दिवस जगला. लगेच 16 फेब्रुवारी 1968 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयारोपण केले. रोगी काही तासांतच गेला. पण सेनांचे धाडस लहान नव्हे. पुढे परके हृदय झिडकारण्याची शरीराची खोड आवरणारे सायक्लोस्पोरिन हे औषध आले. 1994 साली मेंदू मृत झालेल्या माणसाचे अवयव घेण्याला आपल्याकडे कायद्याने मान्यता दिली, आणि त्याच वर्षी 3 ऑगस्टला दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांना यश आले.

बाळंतिणीच्या वाट्याला मात्र एक जास्तीची अडचण येते. पोटातले मूल अर्धे बापाचे. त्या परक्या अर्ध्याची ओळख आईच्या रक्तात राहू शकते, आणि त्याविरुद्धची द्रव्ये तयार झालेली असतात. रक्त चढवले असेल तर आणखी भर. म्हणून तिला जुळणारे हृदय मिळणे अवघड, आणि मिळाले तरी शरीर ते झिडकारण्याची भीती अधिक. अमेरिकेतल्या देशभरच्या नोंदींचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. त्यात या बायकांची बसवलेली हृदये इतरांच्या मानाने कमी टिकल्याचे दिसले. काही लहान अभ्यासांत असा फरक आढळला नव्हता, हेही सांगायला हवे.

सुदैवाने ती पाळी थोड्यांवरच येते. वेळेवर औषध मिळाले तर पुष्कळ जणी सावरतात. छातीची इको तपासणी केली की हृदयाची ताकद कळते. परंतु पाचव्या महिन्यात धाप लागली म्हणून बाईला दवाखान्यात नेतात, तेव्हा ती बाळंतीण होती हे सांगायचेच राहून जाते. घरच्यांच्या लेखी बाळंतपण केव्हाच सरलेले असते. मूल केवढ्याचे आहे, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगावे. आणि पुढचे मूल हवे असेल तर आधी त्यांनाच विचारावे, कारण सावरलेले हृदयही दुसऱ्या खेपेला पुन्हा दगा देऊ शकते.