सेवाग्रामच्या क्वेकर मैत्रिणी

 

आज गोष्ट इतिहासाची आहे, पण सुरुवात आमच्या गटातल्या भांडणापासून करतो. आपल्या वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे. ती कागदावर आहे. आमच्या गावाच्या नाल्याकाठी मात्र हातभट्टी लागत होती. आम्ही निवेदन लिहिलं आणि एका कचेरीत तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा मीटिंगमध्ये होते. तिसऱ्यांदा भेटले आणि म्हणाले, "कागद ठेवून जा." परत येताना ऑटोतच आमचं आपसात जुंपलं. निम्म्या म्हणाल्या, आजच जाऊन भट्टी फोडू. निम्म्या म्हणाल्या, ती भट्टी लावणारी आपल्यातलीच विधवा आहे, तिच्या दोन लेकरांच्या तोंडचा घास काढणार का? त्यानंतर दोन आठवडे गटाची बैठक झाली नाही.

आमच्यातली एक जण आश्रम पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना माहिती सांगते. तिनं आम्हा सगळ्यांना एके दिवशी आश्रमात नेलं आणि तिथला जुना टेलिफोन दाखवला. व्हाइसरॉयला गांधीजींशी तातडीनं बोलता यावं म्हणून तो बसवला होता. ती म्हणाली, "ज्या सरकारला 'चालते व्हा' म्हणायचं, त्याच सरकारशी बोलायची तारही बापूंनी तोडली नाही. आणि ही तार चालू ठेवायला दूर लंडनमध्ये एक बाई झटत होती." त्या बाईंचं नाव अगाथा हॅरिसन. त्या पुढे क्वेकर झाल्या.

क्वेकर म्हणजे कोण? ख्रिस्ती धर्मातला हा एक लहानसा पंथ. सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्यापासून तो सुरू झाला. ही माणसं स्वतःला 'मित्र' म्हणवतात. त्यांच्या जुन्या रीतीच्या प्रार्थनेत पुरोहित नसतो. सगळे शांत बसतात, आणि ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो. बाईलाही तो हक्क पहिल्यापासून आहे. प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे, म्हणून कोणावर शस्त्र उचलायचं नाही, हे त्यांनी 1660 मध्ये इंग्लंडच्या राजाला लिहून कळवलं. त्यांच्या सभेत हात वर करून मतदान होत नाही. सगळ्यांचं ऐकून एकमत होईपर्यंत थांबतात. बैठक चालवणाऱ्या बाईला विचारा, हे किती अवघड आहे ते!

त्यांच्यातल्या एलिझाबेथ फ्राय या बाईची गोष्ट ऐका. 1813 मध्ये त्या लंडनच्या न्यूगेट तुरुंगात गेल्या. तिथे बायका आणि त्यांची लेकरं घाणीत, दाटीवाटीनं कोंडलेली होती. फ्रायबाईंनी पुढे तिथे मुलांची शाळा आणि बायकांसाठी शिवणकाम सुरू केलं. नियम करताना एकेक नियम कैदी बायकांना वाचून दाखवला आणि त्यांची संमती घेतली. मग 1818 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे उभं राहून त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. त्या काळी बाईला मतसुद्धा नव्हतं. 1823 च्या तुरुंग कायद्यात स्त्री कैद्यांवर स्त्री पहारेकरीच असावी, हे आलं. आधी जाऊन पाहायचं, तिथल्या माणसांचं ऐकायचं आणि मग सत्तेपुढे तेच नेमकं मांडायचं, ही या मंडळींची रीत.

आता अगाथाबाईंकडे वळू. त्यांचा जन्म 1885 चा. तरुणपणी त्यांनी कारखान्यांतल्या बायकांसाठी काम केलं. चीनमधल्या शांघायला जाऊन गिरण्यांत राबणाऱ्या लहान मुलांसाठी आवाज उठवला. 1929 मध्ये कामगारांची स्थिती पाहणाऱ्या शाही आयोगाबरोबर त्या भारतात आल्या. 1931 मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, त्याच वर्षी तिथे भारत आणि ब्रिटन यांच्यात समेट घडवू पाहणारा एक गट उभा राहिला. अगाथाबाई त्याच्या सचिव झाल्या. त्यांच्याकडे ना सरकारी पद होतं, ना मोठी माणसं पाठीशी. त्या मंत्र्यांना भेटत, खासदारांना भेटत, पत्रं लिहीत. भारतात काय चाललंय ते तिकडे सांगत आणि तिकडचे लोक काय म्हणतात ते गांधीजींना कळवत.

1936 मध्ये गांधीजी आपल्याकडे शेगावला राहायला आले. तेव्हापासून शेगाव ते लंडन पत्रं जात-येत राहिली. आपल्याकडच्या जुन्या बायका सांगतात, गजानन महाराजांच्या शेगावशी या नावाचा घोळ होई आणि टपाल तिकडे जाई. म्हणून 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं.

अगाथाबाईंच्या बोलण्यानं स्वातंत्र्य आलं, असं कोणी म्हणू नये. ते आपल्या माणसांच्या तुरुंगवासानं आणि रक्तानं आलं. ऑगस्ट 1942 मध्ये सगळे पुढारी तुरुंगात गेले आणि आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टीत गोळीबार झाला, तो लंडनच्या पत्रांनी थांबला नाही. पण त्या काळातही हा गट आपल्या सरकारला सांगत राहिला, की गांधीजींना सोडा आणि बोलणी करा. लढाई चालू असताना त्यांच्या देशात हे बोलणं सोपं नव्हतं. स्वतःच्याच लोकांना 'तुमचं चुकतंय' म्हणायला जास्त धीर लागतो.

आपल्याकडेही अशी बाई होती, हे विसरू नका. आष्टी आणि चिमूरच्या लढ्यात फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी जिवाचं रान केलं. 1945 मध्ये त्या फाशीच्या शिक्षा रद्द होऊन जन्मठेप झाली. सत्तेशी भांडायचं आणि सत्तेचं दारही ठोठावायचं, ही दोन्ही कामं त्यांनी केली.

दार योग्य वेळी ठोठावलं तर काय होतं, त्याचं एक उदाहरण युरोपातलं आहे. नोव्हेंबर 1938 मध्ये जर्मनीत ज्यूंची घरं, दुकानं, प्रार्थनास्थळं जाळली गेली. तेव्हा बर्था ब्रेसी ही क्वेकर बाई ज्यू पुढाऱ्यांसोबत ब्रिटनचे गृहमंत्री सॅम्युअल होअर यांच्याकडे गेली. हे होअर म्हणजे तेच, ज्यांना गांधीजींनी 1932 मध्ये पुण्याच्या येरवडा तुरुंगातून पत्र लिहिलं होतं. बर्थाबाईंचं शिष्टमंडळ म्हणालं, निदान लेकरांना तरी येऊ द्या. सरकारनं मान्य केलं. युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे 10,000 मुलं ब्रिटनला सुखरूप पोचली. बहुतेकांना आईवडील पुन्हा दिसले नाहीत. एवढं करूनही पुष्कळ उरलंच, पण 10,000 लेकरं जगली.

पहिलं महायुद्ध संपल्यावर याच क्वेकरांनी हरलेल्या जर्मनीतल्या लाखो उपाशी मुलांना जेवण दिलं. शत्रूची मुलं म्हणून त्यांना वगळलं नाही. 1947 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या क्वेकरांच्या संस्थांना शांततेचं नोबेल मिळालं.

आता पुन्हा सेवाग्रामला येऊ. जगभरच्या शांतताप्रेमी माणसांनी भारतात एकत्र बसावं, असा विचार होरेस अलेक्झांडर या क्वेकर शिक्षकांनी गांधीजींपुढे मांडला होता. गांधीजींनी होकार दिला, पण जानेवारी 1948 मध्ये त्यांचीच हत्या झाली. सभा पुढे ढकलावी लागली, रद्द मात्र झाली नाही. डिसेंबर 1949 मध्ये ती आधी शांतिनिकेतनला आणि वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात सेवाग्रामला भरली. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद होते. तीसहून अधिक देशांतली माणसं आपल्या या मातीत बसली. त्यात इंग्लंडच्या लेखिका व्हेरा ब्रिटन होत्या. पहिल्या महायुद्धात त्यांचा होणारा नवरा गेला, एकुलता भाऊ गेला. युद्ध नको हे त्या पुस्तकं वाचून म्हणत नव्हत्या.

त्याच सुमारास मार्जरी साइक्स सेवाग्रामला राहायला आल्या. जन्म इंग्लंडमधला, 1905 चा. 1928 मध्ये मद्रासला शिक्षिका म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या. भारताचं नागरिकत्वही घेतलं. आशादेवी आणि आर्यनायकम यांनी उभ्या केलेल्या नई तालीममध्ये त्यांनी सुमारे दहा वर्षं शिक्षक घडवले. कातणं, शेती, स्वयंपाक, सफाई यांतून शिकायचं, असं ते शिक्षण होतं. एकमेकांबरोबर राबायला शिकलेलं मूल एकमेकांवर सहजी हात उगारत नाही, हा त्यामागचा विश्वास. 1964 मध्ये नागालँडमध्ये युद्धबंदी झाली. ती दोन्ही बाजू पाळतात का, हे पाहणाऱ्या पथकात मार्जरीबाई होत्या. तेव्हा त्यांचं वय साठीला आलं होतं.

अगाथाबाईंचा शेवट कुठे झाला, माहीत आहे? मे 1954 मध्ये, स्वित्झर्लंडच्या जिनेव्हात. कोरियाचा प्रश्न सुटावा आणि इंडोचायनातलं युद्ध थांबावं म्हणून तिथे देशोदेशींची परिषद भरली होती. तिथेही त्या या बाजूचं त्या बाजूला समजावण्याच्या कामातच होत्या.

आणि हे काम पुढेही चालू राहिलं. युरोपातल्या देशांचे कायदे जिथे ठरतात, त्या ब्रसेल्स शहरात क्वेकरांनी 1979 मध्ये एक छोटी कचेरी उघडली. युद्धात बंदूक धरायला ज्याचं मन तयार नाही, त्याचे हक्क, निर्वासितांचे हक्क, तुरुंगातल्या बायकांची स्थिती, असे विषय तिथल्या माणसांनी खासदारांपुढे आणि अधिकाऱ्यांपुढे मांडले. फ्रायबाईंनी दोनशे वर्षांपूर्वी जे केलं, तेच अहवाल लिहून.

हे सगळं ऐकून आम्ही काय केलं? आधी गटाची बैठक बोलावली आणि ठरवलं, की प्रत्येकीचं बोलून झाल्याशिवाय निर्णय नाही. बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंच्या दोन-दोन जणी मिळून त्या बाईच्या घरी गेल्या. ओरडायला नाही, ऐकायला. तिनं सांगितलं, की गूळ आणि नवसागर एक जण उधारीवर आणून देतो, दारू तोच नेतो, आणि ती उधारी कधी फिटतच नाही. हे आम्हाला माहीत नव्हतं. शेजारी राहून माहीत नव्हतं!

मग निवेदन नव्यानं लिहिलं. त्यात तिचं नाव नाही, माल पुरवणाऱ्याचा धंदा आहे. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या रस्त्यानं गाडी येते, ते वहीत टिपून लिहिलं. चौथ्यांदा कचेरीत गेलो तेव्हा कागद ठेवून आलो नाही, शिक्का मारलेली पोच घेऊन आलो. दुसरीकडे गटातून तिला शेळीसाठी कर्ज द्यायचं ठरलं. त्यालाही दोघींचा विरोध होता. त्यांचं म्हणणं आम्ही वहीत लिहून ठेवलं आहे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलायचं ठरलं आहे.

गाडी अजून पूर्ण थांबलेली नाही. पाचवी खेप घालावी लागणार आहे. पण आता आम्ही एका ऑटोत बसून जातो, आणि ती बाई आमच्या बैठकीला येऊन बसते. अजून बोलत नाही. आम्ही थांबलो आहोत.

तुमच्या गावात अशी कोणती तार तुटली आहे, ती कोणी जोडायला घेतली आहे का, ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी तुमची गोष्ट वाचून दाखवू.