विटांवाचूनच्या भिंती

कोणत्याही कचेरीत पाऊल टाकले की प्रथम दृष्टीस पडतात त्या भिंती. लेखाशाखा एका दालनात, आस्थापना दुसऱ्यात, अभ्यागतांची बाके बाहेर व्हरांड्यात. कोणाचे कागद कोणी पाहावेत, हे पुष्कळसे विटांनीच ठरविलेले असे. संगणक एका तारेने जोडले गेले आणि या भिंती निरुपयोगी ठरल्या. त्या पुन्हा कशा उभ्या राहिल्या, हे पाहणे उद्बोधक आहे.

१९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ईथरनेटची योजना मांडली. तिचे मर्म असे की, तार सर्वांची एकच. संदेश प्रत्येकाच्या दारावरून जाई. ज्याचा असेल त्याने तो घ्यावा, इतरांनी सोडून द्यावा. हा दवंडीचाच प्रकार. वाडीत दवंडी शोभते; शहरात तिचा कोलाहल होतो.

पुढच्या दशकात, अशी अनेक जाळी एकमेकांस कशी जोडावीत, या प्रश्नाचा विचार बेलकोर संस्थेतील डेव्हिड सिंकोस्की करीत होते. प्रत्येक संदेशावर एका ‘रंगा’ची खूण असावी आणि रंगागणिक त्याचा मार्ग वेगळा असावा, असा तोडगा त्यांनी काढला. आभासी जाळ्याचे, म्हणजेच ‘व्हीलॅन’चे, बीज ते हेच.

१९९०च्या सुमारास सात दारांचा ईथरनेट स्विच बाजारात आला. तो करणाऱ्या कंपनीचे नाव ‘कल्पना’. तिचे एक संस्थापक विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे, आणि हे नाव त्यांच्या पत्नीचे. स्विच संदेश ज्याचा त्यालाच पोचवू लागला. परंतु सर्वांना उद्देशून केलेला पुकारा मात्र अजूनही दारोदार जातच होता. त्याला आवर घालण्यास व्हीलॅन हवेच होते. अडचण एवढीच की, निरनिराळ्या उत्पादकांच्या खुणा निरनिराळ्या असत, आणि एकाची खूण दुसऱ्याच्या यंत्रास उमगत नसे. १९९८ साली ८०२.१क्यू हे सर्वमान्य प्रमाण प्रसिद्ध झाले. संदेशास चार बाइटांची चिठ्ठी जोडावी आणि तीत बारा बिटांचा क्रमांक लिहावा, असे ठरले. त्यातून ४०९४ जाळी वेगळी राखता येतात.

आज स्विचच्या प्रत्येक दारास असा क्रमांक नेमून देतात. एका खात्याचे दार त्या खात्यापुरतेच असते. दोन स्विचांना जोडणारे ‘ट्रंक’ दार मात्र अनेक क्रमांकांचे संदेश चिठ्ठीसह वाहून नेते. एका जाळ्यातून दुसऱ्यात जायचे तर राउटरच्या चौकीवरूनच जावे लागते.

तथापि, विटांची भिंत ढासळली तर ती सर्वांना दिसते. ही भिंत मुकाट्याने ढासळते. एक क्रमांक चुकला, किंवा अनावश्यक दार ‘ट्रंक’ म्हणून उघडे राहिले, की व्हरांड्यातील अभ्यागत नकळत लेखाशाखेत येऊन बसतो, आणि कामकाज पूर्ववत चाललेले दिसते. म्हणून कोणते दार कोणाचे, याची नोंदवही ठेवणे आणि ती वेळोवेळी प्रत्यक्ष स्विचशी ताडून पाहणे, हेच या भिंतीचे खरे बांधकाम होय. ते ज्याच्या हाती आहे, तो कारकुनी काम करतो असे कोणी समजू नये.